सीटीओची नोकरी सोडून व्हेंचर फंड काढला: माझा अनुभव

सीटीओ, म्हणजे कंपनीचा तंत्रज्ञान प्रमुख, असताना पैसे मागायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बजेटसाठी भांडायचो, एवढंच. स्वतःचा व्हेंचर फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड, काढायचा म्हटल्यावर पहिलं काम निघालं ते दारोदार पैसे मागण्याचं.

ते देतात एलपी (लिमिटेड पार्टनर), म्हणजे फंडात पैसे घालणारे: पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, पैसेवाली कुटुंबं. त्यांचे पैसे साधारण दहा वर्षं अडकतात, त्यामुळे प्रश्न टोकदार. "तुम्ही स्वतःचे किती घालताय?" हा तर हमखास. मी सांभाळलेल्या भल्यामोठ्या सिस्टिम्सचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. इंजिनिअरला गुंतवणूक जमेल का, यावर माझं उत्तर तयार असे: यूजीन क्लायनर आणि डॉन व्हॅलेंटाइन दोघंही फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीतले, आणि १९७२ मध्ये दोघांनी आपापल्या व्हेंचर फर्म उभ्या केल्या. एका एलपीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हॅलेंटाइन विक्रीतला माणूस होता." खरंच होतं ते. पुढच्या बैठकांमधून व्हॅलेंटाइन गायब.

फंडाचं गणित रूढ आहे: वर्षाला सुमारे २ टक्के व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यात २० टक्के वाटा, म्हणजे कॅरी. त्या २ टक्क्यांत वकील, ऑडिट, ऑफिस आणि पगार भागवायचे. फंड लहान असला की तुमचा पगार शेवटी उरेल तेवढा. कॅरी दिसायला कित्येक वर्षं जातात. हे घरी पटवताना एलपी बरे वाटले.

डोकं सगळ्यात जास्त बदलावं लागलं ते यशाच्या हिशेबात. निम्मे रिलीज फसले असते तर सीटीओ म्हणून मला कुणी ठेवलं नसतं. इथे निम्म्या कंपन्या बुडूनही फंड उत्तम ठरू शकतो. एआरडीसी या अमेरिकन व्हेंचर फर्मने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले. त्या एका कंपनीने तिच्या इतर सगळ्या गुंतवणुकी झाकून टाकल्या. म्हणून "ही कंपनी बुडेल का?" यापेक्षा "चाललीच तर केवढी होईल?" हे आधी विचारायचं. मला हे समजलं लवकर, अंगवळणी पडायला फार वेळ गेला.

बोर्ड मीटिंगमध्ये डेमोचं पान गोल-गोल फिरत राहिलं की क्वेरी कुठे अडकली असेल ते मला बसल्या जागी दिसतं. हात शिवशिवतात. पण बोर्डावरच्या माणसाने कोडमध्ये नाक खुपसलं की टीम फाउंडरकडे बघायची सोडून त्याच्याकडे बघायला लागते. मी फक्त विचारतो: किती ग्राहकांनी नूतनीकरण केलं?

आणि फॉलो-ऑन, म्हणजे आधी पैसे घातलेल्या कंपनीत पुन्हा घालणं. गुंतवणुकीच्या पुढच्या फेऱ्यांसाठी फंडातला मोठा हिस्सा राखून ठेवतात, आणि तो कुणाला द्यायचा नाही हे ठरवणं पहिल्या चेकपेक्षा अवघड. एका कंपनीचं तंत्रज्ञान मी पाहिलेल्यांत सर्वात देखणं होतं, पण ग्राहक वर्षभरात गळत गेले. फाउंडर ब्रिज राउंडसाठी, म्हणजे पुढची फेरी होईपर्यंत तग धरायला लागणाऱ्या पैशांसाठी, आला आणि म्हणाला, "सर, बाकीच्यांचं जाऊ द्या, तुम्हाला तरी यातलं कळतं." कळत होतं, म्हणूनच त्रास झाला. मी नकार दिला, आणि राखीव रकमेतला तो हिस्सा दिला एका कंटाळवाण्या बिलिंग सॉफ्टवेअरला. त्यांचा कोड बघवत नाही, पण त्यांचे ग्राहक दर वर्षी न चुकता पैसे भरतात.