गच्चीवरची मुलाखत

१४ जानेवारीला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर सगळं खानदान जमतं, म्हणून 'ह्या'ला आजच बोलावलं. गर्दीत बाबा फार चौकशी करणार नाहीत, हा हिशेब. पठ्ठ्या बोटांना चिकटपट्ट्या लावूनच आला. बाबांनी हातावर तिळगूळ ठेवला, पण 'गोड बोला' म्हणाले नाहीत. थेट मांज्याची फिरकी हातात दिली. ढील म्हटलं की ढील, लपेट म्हटलं की लपेट. माझं इतकं कधी ऐकलं नाही हो त्यानं!

मग बाबांचा पतंग कटला. शेजारच्या गच्चीवर एकच गलका, आणि सवयीने हाही ओरडला, "काप्यो छे!" आईच्या हातातला उंधियूचा डाव हवेतच.

बाबा वळले. "आवाज खणखणीत आहे. गणपतीत आरतीला ये."

आत्याच्या मते हा होकार. काका म्हणतात, आरतीला सगळ्यांनाच बोलावतात. आणि गणपतीला अजून आठ महिने आहेत!