तुम्ही विचारलंत म्हणून : ती भिंत कुठून सुचली

प्रयोग संपला की कोणी ना कोणी विंगेत येतं आणि तोच प्रश्न विचारतं. नाटकातली ती दगडी भिंत श्वास घेते ते कसं सुचलं हो तुम्हाला? आणि मी इतकी वर्षं तेच ठरलेलं उत्तर देतेय, की लहानपणी दूरदर्शनवर स्टार ट्रेक ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका बघायचे, त्यातून आलं असावं. विचारणाऱ्याचं समाधान होतं. मग कुठेतरी छापून येतं की विज्ञानमालिकांच्या वेडातून घडलेली नेपथ्यकार वगैरे, आणि मला ते वाचून दोन दिवस चैन पडत नाही, कारण ते खोटं नाहीये पण खरंही नाहीये. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आधी जे मी म्हणत नाहीये ते सांगते. मला कोणीतरी दर वर्षी मे जेमिसन यांच्यावरचा मेसेज पाठवतं, की त्या लहानपणी स्टार ट्रेकमधली उहुरा ही यानावरची कृष्णवर्णीय अधिकारी बघून भारावल्या आणि 1992 साली अंतराळात जाणाऱ्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन महिला झाल्या. खरं आहे ते, मोठंच आहे. पण त्यांना यानात बसायचं होतं. मला कधीच बसायचं नव्हतं. मला त्या यानाच्या भिंतींचं कुतूहल होतं, आणि दारं आपोआप सरकायची त्याचं. पुढे वाचलं की ती दारं मागे उभी असलेली माणसं हाताने ओढायची, आणि दर भागात यान जमिनीवर उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवायची युक्ती काढली, त्यासाठी प्रकाशाच्या झोतात ॲल्युमिनियमची भुकटी सोडून शूट केलं. यानावरच्या डॉक्टरच्या हातातली काही उपकरणं म्हणजे चक्क जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाण्या होत्या. हे सगळं मी शिबिरात मुलांना सांगते आणि मनापासून सांगते, कारण आमच्या बालनाट्याच्या बजेटला हेच लागतं. पण हे मला कळलं तेव्हा मी तिशीत होते. माझ्या हाताला वळण त्याच्या कितीतरी आधी लागलेलं होतं.

आम्ही मिरजेचे. 1984 च्या सुमारास देशभर गावोगाव छोटे ट्रान्समीटर बसले तेव्हाच आमच्या बाजूला टीव्ही धड दिसायला लागला. आमच्या घरी नव्हता, समोरच्या वकीलकाकांकडे होता, शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि पडद्यावर त्यांनी ते रंगीत प्लॅस्टिक लावलेलं, वर निळं, मध्ये पिवळट, खाली हिरवं. ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. म्हणजे कॅप्टन कर्कचं डोकं निळं आणि पाय हिरवे. रविवारी सकाळी आम्ही आळीतली सगळी पोरं सतरंजीवर बसायचो. मालिका इंग्रजीत, खाली अक्षरं नाहीत, आणि आम्ही सगळे मराठी शाळेतले. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मी तिसरीत होते, मला एबीसीडीच्या पुढे काही येत नव्हतं. दादा नववीत. त्यामुळे दादा सांगायचा.

हा भाग कोणालाच ऐकायचा नसतो. टीव्हीवर माणसं बोलायची आणि दादा हळू आवाजात, पुढे वाकून, आम्हाला गोष्ट सांगायचा, सलग, न अडखळता. स्पॉकला (यानावरचा टोकदार कानांचा परग्रहावरचा अधिकारी) बायको का नाही, यान घरी परत का जात नाही, लाल कपड्यातला माणूस (आम्हाला लाल दिसायचा नाही, दादा 'तो जाडा' म्हणायचा) का मेला, सगळं त्याला माहीत असायचं. घरी जाताना मी उरलेलं विचारायचे आणि रात्री वहीत ती जागा काढायचे. माणसं मला काढता यायची नाहीत. मी फक्त गुहा, खोल्या, दारं काढायचे. आज मी जे करते ते तेच आहे, दुसरं काही नाही.

त्यातला एक भाग दगडाचा. खाणीत काम करणारी माणसं एकेक करून मरतायत आणि खडकातून एक दगडासारखं काहीतरी सरपटत येतं. दादाने सांगितलं की हा बोगद्यात गाडला गेलेला मजूर आहे. इतकी वर्षं आत राहून त्याचाच दगड झालाय आणि तो घरी जायची वाट शोधतोय. आमचं आजोळ पाटणकडचं, कोयनेच्या बोगद्याच्या गोष्टी आम्ही दोघांनीही ऐकलेल्या, त्यामुळे मला यात काहीच विचित्र वाटलं नाही. मग स्पॉक त्या दगडावर हात ठेवतो आणि ओरडायला लागतो, तेव्हा दादा म्हणाला, तो त्याला गावाचं नाव विचारतोय आणि दगडाला ते आठवत नाहीये. मी रडले. त्या रात्री आमच्या मधल्या खोलीची भिंत, चुन्याची, पोपडे आलेली, मला आतून कोणीतरी असल्यासारखी वाटत होती, आणि मी कान लावून झोपले.

भिंत तिथून आली. स्टार ट्रेकमधून आली म्हणा हवं तर.

पुढे डीव्हीडीचा जमाना आला तेव्हा मी तो अख्खा संच घेतला, खाली अक्षरं लावून बघायला बसले. त्या भागाचं नाव 'द डेव्हिल इन द डार्क', अमेरिकेत मार्च 1967 मध्ये दाखवलेला. त्यात मजूर बिजूर कोणी नाही. ती एक आई आहे, खाणवाल्यांनी नकळत तिची अंडी फोडलीयेत, उरलेली वाचवण्यासाठी ती माणसं मारतेय. यानोश प्रोहास्का नावाचा स्टंटमन ते कातडं अंगावर घेऊन सेटवर रांगला होता. फार सुंदर गोष्ट आहे, दादाच्या गोष्टीइतकीच. मी मग एकामागून एक भाग बघत गेले, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दादाची गोष्ट वेगळी. दोन-तीन भागांत तर पात्रांची नातीसुद्धा वेगळी. मला इतका आनंद झाला होता त्या रात्री, की आपल्या घरात एवढा मोठा गोष्ट सांगणारा होता आणि आपल्याला माहीतच नाही!

त्यानंतर एक-दोन वर्षांनी मला एक पुरस्कार मिळाला, आमच्याच भागात सत्कार झाला. दादा आणि वहिनी दुसऱ्या रांगेत. मी भाषणात हे सगळं सांगितलं. माझ्या मनात स्वच्छ होतं की हा पुरस्कार अर्धा त्याचा आहे आणि ते मला सगळ्यांसमोर सांगायचंय. मी म्हणाले, दादाला त्यातलं अर्धंसुद्धा इंग्रजी कळत नव्हतं, तो सरळ मनाने गोष्टी रचायचा. लोक हसले. चांगलंच हसले, टाळ्या वाजल्या. मी खाली बघितलं तर दादा हसत नव्हता. चहाच्या आधी दोघं निघून गेले.

रात्री मी त्याच्या घरी गेले. तो बाहेर कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, चारचौघांत मला खोटारडा ठरवलंस. मी म्हटलं अरे खोटारडा नाही, मी तुला लेखक म्हणाले. तर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मी रचत नव्हतो. मला जे कळत होतं ते सांगत होतो."

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. दादा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, डिप्लोमाला गेला, आणि पहिल्याच वर्षी सोडून घरी आला, कारण शिकवणं सगळं इंग्रजीत आणि त्याच्या डोक्यावरून जायचं. त्याला गणित येत होतं, ड्रॉइंग येत होतं, हातात कला होती. कोणीतरी वर्गात त्याच्या इंग्रजीवर हसलं होतं हे त्याने आईला सांगितलं होतं, मला नाही. मग कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर लागला, आता स्वतःची शेड आहे, जॉबवर्क करतो. म्हणजे बघा, सतरंजीवर बसलेल्या त्या मुलाला आपल्याला इंग्रजी कळतं याची खात्री होती. आमच्यापैकी कोणाला त्याबद्दल शंकाही नव्हती. आणि एवढ्या वर्षांनी मी माइकवर सांगितलं की कळत नव्हतं.

वहिनी म्हणते मी माफी मागायला हवी होती. मी नाही मागितली. माफी मागितली असती तर मी जे बोलले ते टिंगल होती असं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि ती टिंगल नव्हती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी सांगत होते. लोक का हसले ते लोकांना विचारा. असं मी स्वतःला सांगते खरं, पण मग हेही माहीत आहे की तो डिप्लोमा सोडून आला तेव्हा मी घरातच होते, सगळं बघत होते, आणि भाषण करताना मला त्याची आठवणही झाली नाही.

त्या भागात एक जागा आहे. स्पॉकला दुसऱ्याच्या मनाशी मन जोडता येतं, तेव्हा तो दगड त्याच्या मनातून भाषा उचलतो आणि खडकावर अक्षरं जाळून लिहितो, नो किल आय. मोडकं इंग्रजी. सतरंजीवर आम्हा सगळ्यांना ती अक्षरं दिसली होती आणि दादाने ती मोठ्याने वाचली होती, त्याला पूर्ण वाचता आलेलं ते एकच वाक्य असेल. मजा म्हणजे यानावरच्या लोकांनाही त्याचा अर्थ नक्की लागत नाही, मला मारू नका म्हणतेय की मी मारणार नाही म्हणतेय. दादा म्हणाला होता, तो म्हणतोय मी कोणाला मारायला आलो नाही. आता यात त्याला काय कळलं नव्हतं, सांगा मला.

मी एका मुलाखतीत तावातावाने म्हणाले होते की हल्लीच्या मुलांना सगळं आयतं, कळेल असं मिळतं म्हणून त्यांना सुचत नाही, आम्हाला रंग नव्हते, भाषा नव्हती, म्हणून आम्ही भरलं. तेव्हा मला हे अगदी पटलेलं होतं. आमच्यासाठी हिंदीत आलेली मुलांची विज्ञानमालिका इंद्रधनुष 1989 ची, सगळं कळायचं, मी आवडीने बघायचे, आणि वहीत एकही चित्र काढलं नाही, हा मी पुरावा म्हणून द्यायचे. पुढे 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह वाचला तेव्हा जयंत नारळीकरांचा प्रत्येक शब्द मराठीत स्वच्छ कळत होता आणि तरी मी आठवडाभर वेगळ्याच जगात होते, मग माझा पुरावा कुठे गेला? आणि त्या सतरंजीवर आम्ही दहा-बारा पोरं होतो. तोच निळा-हिरवा पडदा, तीच दादाची गोष्ट. त्यातला एक डॉक्टर आहे, एकाचं किराणा दुकान, एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्यांच्यातल्या कोणालाही तो दगड आठवत नाही, मी विचारून बघितलंय. शिबिरातल्या मुली मोबाइलवर सगळं अक्षरांसकट बघतात आणि तरी पुठ्ठ्यातून अशा जागा उभ्या करतात की मी बघत राहते. तेव्हा टीव्हीवरच्या मालिकेने माणूस घडतो का, हे मला विचारू नका. दादा घडला नाही का मग? की तो घडला आणि कोणी मोजलं नाही? माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि लोकांना छापायला जे उत्तर हवं असतं ते देऊन मी आता थकलेय.

राहिली भिंत. गोणपाट, फोम, वरून कागदाचा लगदा आणि खळ, आत दोन मुलं बसून दट्ट्या ओढतात. पण ती फुगते आणि बसते ती ज्या लोखंडी सांगाड्यावर, तो दादाने त्याच्या शेडमध्ये केलाय, सत्काराच्या कितीतरी आधी. मी फक्त म्हटलं होतं, श्वास घेतल्यासारखी हलली पाहिजे, आणि त्याने काहीही न विचारता सायकलच्या ब्रेकच्या केबल वापरून बिजागऱ्या अशा बसवल्या की आवाज येत नाही. दौऱ्यात सांगाडा वाकला की आजही तोच सरळ करून देतो. त्या भाषणाबद्दल आम्ही परत बोललो नाही.

हे लिहिलेलं मी त्याला पाठवलं. दोन दिवसांनी फोन आला. म्हणाला, डिप्लोमाचं राहू दे, पण तो मजूर बोगद्यात गाडला गेलेला नव्हता, मी असं कधीच म्हणालो नव्हतो, तो बोगद्याच्या आत वाट चुकला होता, जिवंत होता. मला तर गाडला गेलेलाच आठवतोय. आमचं त्यावरून बराच वेळ वाजलं. मी माझ्या आठवणीतलं वर तसंच ठेवलंय आणि त्याचं इथे लिहिलंय. नाव घालू नको म्हणाला, ते घातलेलं नाही.