फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी दहा अवघड फोटो बाजूला काढा

कॅमेरा बदलला तरी जुने फोटो होते तसेच राहतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदललं की मात्र वर्षानुवर्षांची मेहनत मागे राहते. निवड करताना मी सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला देतो, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक तुलनांमध्ये सापडत नाही.

असं का होतं ते आधी बघू. चांगलं सॉफ्टवेअर रॉ फाइलमधल्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) चित्राला हात लावत नाही. एक्स्पोजर (एकूण उजेड) किती वाढवलं, क्रॉप कुठे केला, मास्क (फोटोचा निवडलेला भाग) कशावर लावला याची यादी ते वेगळी लिहून ठेवतं आणि फोटो दाखवताना दर वेळी ती यादी नव्याने राबवतं. ज्याने ती लिहिली त्यालाच ती नीट वाचता येते. अ‍ॅडोबीच्या लाइटरूममधलं शॅडो (सावल्या उजळवणारा स्लायडर) +४० आणि कॅप्चर वनमधलं शॅडो +४० यांचं गणितच वेगळं आहे. पसंतीचे तारे, कीवर्ड आणि कॅप्शन एक्सएमपी या छोट्या माहितीच्या फाइलमधून इकडून तिकडे जातात. क्रॉप आणि काही मूलभूत स्लायडरही कधी कधी अंदाजाने जुळवले जातात. मास्क, कर्व्ह आणि रंगांची बारीक कामं मात्र तिथेच राहतात.

त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर बसवलं की ही यादी कुठे ठेवली जाते ते आधी शोधा. लाइटरूम क्लासिक ती कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. कॅटलॉग सेटिंग्जमधल्या मेटाडेटा टॅबवर 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी' वर खूण केलीत तर तीच माहिती रॉ फाइलशेजारी एक्सएमपीतही लिहिली जाते. ही खूण पहिल्याच दिवशी करा. तरीही कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोची दुसरी एडिट) फक्त कॅटलॉगमध्येच राहतात. डार्कटेबल स्वतःचा डेटाबेस ठेवतं आणि त्याशिवाय प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी लिहितं. रॉथेरपीची पीपी३ नावाची साइडकार, म्हणजे फोटोशेजारी राहणारी, फाइल असते, डीएक्सओ फोटोलॅबची डॉप. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फोटोंच्याच फोल्डरमध्ये एक उपफोल्डर करून त्यात बदल ठेवतं. कॅननच्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये सेव्ह केलं की बदलांची कृती थेट रॉ फाइलमध्ये लिहिली जाते. चित्राचा डेटा शाबूत राहतो, पण फाइल बदललेली दिसते आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर ती पुन्हा पूर्ण कॉपी करतं.

साइडकार असलेली पद्धत मला हौशी माणसासाठी जास्त भरवशाची वाटते. फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकला की बदलही सोबत जातात. कॅटलॉगच्या पद्धतीत फोल्डर सॉफ्टवेअरच्या बाहेरून, विंडोज एक्सप्लोररमधून हलवला की घोडं अडतं: लाइटरूम क्लासिकमध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोवर उद्गारचिन्ह दिसायला लागतं. फोटो गेलेले नसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि नवी जागा दाखवा, सगळं परत जुळतं. नवखे लोक घाबरून फोटो पुन्हा इम्पोर्ट करतात आणि केलेलं काम त्या नव्या नोंदींवर दिसत नाही, तेव्हा असं करू नका. आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये फक्त बदलांच्या नोंदी असतात, फोटो नसतात. मूळ फाइल्सचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

सबस्क्रिप्शनचा वादही याच अंगाने बघावा. लाइटरूम ६ हे २०१५ चं, एकदाच पैसे भरून घेता येणारं शेवटचं लाइटरूम. त्याचा शेवटचा अपडेट डिसेंबर २०१७ मध्ये आला आणि त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल्स ते उघडत नाही. अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ प्रकार) करून घेतली तर काम चालतं, पण दर वेळी ती एक जादा पायरी होते. 'कायमचं लायसन्स' हे असं पुढचा कॅमेरा घेईपर्यंतच कायमचं असतं. उलट सबस्क्रिप्शन बंद केलं म्हणून लाइटरूम क्लासिकमधले फोटो अडकून पडत नाहीत. लायब्ररी उघडते, एक्सपोर्टही होतं. बंद पडतं ते मुख्यतः डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा विभाग: केलेले बदल दिसतात पण तिथे नवे करता येत नाहीत. हे आधी माहीत असलं की निर्णय शांतपणे घेता येतो.

नुसत्या 'लाइटरूम' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर २०१७ पासून वेगळं आहे, त्याची क्लासिकशी गल्लत करू नका (पुढे मी 'लाइटरूम' म्हणतो तेव्हा क्लासिकच समजा). त्याची रचना मूळ फाइल्स क्लाउडवर चढवण्याभोवती आहे. इंटरनेट संथ असेल आणि एकेका सहलीच्या २०-३० जीबी रॉ फाइल्स असतील, तर अपलोड संपेपर्यंत पुढची सहल येते.

तुम्ही फक्त जेपेग काढत असाल तर यातल्या बऱ्याच गोष्टींची गरज नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. थोडा क्रॉप, थोडा उजेड, क्षितिज सरळ करणं एवढंच असेल तर फोनवरचं स्नॅपसीडही पुरतं. पांढरं पडलेलं आकाश किंवा पिवळा झालेला चेहरा दुरुस्त करायचा असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी कॅमेरा रॉवर टाका. फरक तिथे पडतो.

आता दहा फोटोंकडे येऊ. सोप्या फोटोवर सगळीच सॉफ्टवेअर छान दिसतात. कस लागतो तो अवघड फाइलवर. स्वतःच्या संग्रहातून दहा रॉ फाइल्स काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. खिडकीसमोर बसलेला चेहरा, आयएसओ ६४०० वर घरात काढलेला फोटो, पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकाच चौकटीत असलेला फोटो, रंगमंचावर निळ्या-जांभळ्या एलईडीत न्हालेला गायक, गर्द झाडी, धुकं, वाइड लेन्सने काढलेली इमारत, पक्ष्याची पिसं, रात्रीचे दिवे, आणि एक असा फोटो जो कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुंदर दिसला पण संगणकावर मवाळ वाटला. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत हेच दहा फोटो करा आणि शेजारी घड्याळ ठेवा.

यातला खिडकीसमोरचा चेहरा सर्वांत जास्त शिकवतो. चेहरा दोन स्टॉप (चौपट) काळा आणि बाहेरचं आकाश जळण्याच्या बेतात, असा फोटो घ्या. नवखा माणूस आख्ख्या फोटोचा एक्स्पोजर वाढवतो, मग हायलाइट −८०, शॅडो +८० करतो आणि सगळा फोटो राखाडी, सपाट होतो. लाइटरूममध्ये एक्स्पोजर खिडकीला जुळेल असा ठेवा, 'सिलेक्ट सब्जेक्ट' ने माणसाचा मास्क करा आणि त्या मास्कवर +१.५ द्या. मग १०० टक्के झूम करून केसांची कड बघा. तिथे उजळ किनार दिसली तर ब्रशने मास्कमधून ती कड वजा करा किंवा मास्कवरचा एक्स्पोजर +१ वर आणा. डार्कटेबलचा रस्ता उलटा आहे. तिथे आधी एक्स्पोजर मॉड्यूलने चेहरा बरोबर उजळवायचा, मग टोन इक्वलायझरने आकाश खाली ओढायचं. त्यात आधी मास्किंग टॅबवर जाऊन जादूच्या कांडीच्या दोन बटणांनी मास्कचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पूर्ण रुंदीवर पसरवायचा. लोक हीच पायरी गाळतात, आणि मग स्लायडर हलवले तरी काही होत नाही किंवा डोक्याभोवती प्रभावळ येते. हिस्टोग्राम पसरला की माउस आकाशावर नेऊन चाक फिरवा, तेवढ्याच उजेडाचा भाग खाली येतो. दोन्हीकडे चांगला फोटो मिळतो. तुमच्या हाताला कुठली रीत बसते ते मात्र पाच-सहा फोटो केल्याशिवाय कळत नाही. आकाश लाल, हिरव्या आणि निळ्या तिन्ही चॅनलमध्ये जळलेलं असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही, हेही याच फोटोत दिसतं.

रंगमंचाचा फोटो दुसरी बाजू दाखवतो. निळ्या एलईडीत निळा चॅनल भरून वाहतो, लाल आणि हिरव्यात जवळपास काहीच नसतं, आणि चेहरा प्लास्टिकचं ठिगळ लावल्यासारखा दिसतो. इथे शॅडो-हायलाइट ओढून उपयोग नाही. लाइटरूममध्ये कॅलिब्रेशनमधल्या ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन कमी करा, डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलचं गॅमट कॉम्प्रेशन (अति भडक रंग आटोक्यात आणणारा स्लायडर) वाढवा. तरीही पटलं नाही तर कृष्णधवल करा, तो प्रामाणिक मार्ग आहे.

आयएसओ ६४०० च्या फाइलवर दाणे (नॉइज) काढण्यात फोटोलॅबचं डीपप्राइम आणि लाइटरूमचं २०२३ मध्ये आलेलं डीनॉइज यांनी खरोखर मोठा पल्ला गाठलाय. दोन्ही ग्राफिक्स कार्डावर अवलंबून आहेत. कार्ड कमकुवत असेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतात, म्हणून चाचणी स्वतःच्याच संगणकावर घ्या. लाइटरूममध्ये डीनॉइज मुळात ५० वर येतं. त्वचा मेणासारखी दिसली तर ३० च्या आसपास आणून बघा, थोडा कण राहिलेला चेहरा जिवंत वाटतो.

संगणकावर मवाळ वाटणाऱ्या दहाव्या फोटोचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो रॉमध्ये दडलेला, कंपनीच्या रंगात रंगवलेला जेपेग. सॉफ्टवेअर रॉपासून सुरुवात करतं. लाइटरूममध्ये प्रोफाइल 'अ‍ॅडोबी कलर' वरून कॅमेरा मॅचिंगमधल्या 'कॅमेरा स्टँडर्ड' वर नेलं की बराचसा फरक मिटतो. रॉथेरपीत 'ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह' त्या दडलेल्या जेपेगशी उजेड जुळवून घेतं. कंपनीचेच रंग हवे असतील तर कंपनीचंच मोफत सॉफ्टवेअर वापरा. फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ तर यूएसबी केबलने जोडलेल्या कॅमेऱ्यातल्याच प्रोसेसरकडून काम करून घेतं, त्यामुळे रंगात तसूभरही फरक पडत नाही. ही मोफत सॉफ्टवेअर संथ असतात आणि मास्कमध्ये तोकडी पडतात, पण महिन्याला वीस-पंचवीस फोटो करणाऱ्याला ती पुरतात असं मला वाटतं. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरच्या फाइल्स असतील तर झाडीचा फोटो १०० टक्के झूमवर नीट तपासा, शार्पनिंग जास्त झालं की पानांत किड्यांसारखी वळवळ दिसते.

इमारतीच्या फोटोत तुमच्या लेन्सचं प्रोफाइल (तिचे दोष दुरुस्त करणारी माहिती) आहे की नाही ते लगेच कळतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी लेन्सफन हा डेटाबेस वापरतात. नवी लेन्स त्यात नसेल तर भिंती फुगलेल्या आणि कोपरे काळे राहू शकतात.

घड्याळाचा हिशोबही करा. एका सहलीतून ६०० फोटो आले, त्यातले ६० ठेवले. एका फोटोला ३ मिनिटं लागली तर ३ तास होतात, ८ मिनिटं लागली तर ८ तास. हौशी माणसाकडे दोनच संध्याकाळी असतात. म्हणून ६०० मधून ६० निवडणं किती झटपट होतं हेही तपासा. लाइटरूम क्लासिकमध्ये इम्पोर्ट करतानाच १:१ (पूर्ण मापाचे) प्रिव्ह्यू बनवून ठेवले आणि कॅप्स लॉक चालू ठेवून आकडे दाबत गेलं, की तारा देताच पुढचा फोटो आपोआप येतो. पसंत-नापसंतीच्या झेंड्यांपेक्षा तारे वापरा, उद्या दुसरीकडे गेलात तर तारे सगळ्यांना समजतात.

गिंप, फोटोशॉप आणि अफिनिटी यांना मी मुद्दाम या शर्यतीत धरलेलं नाही. ती पिक्सेल आणि लेयरची अवजारं आहेत: फोटोतून माणूस काढणं, दोन फोटो जोडणं, पोस्टर करणं यासाठी. गिंप तर रॉ फाइल स्वतः उघडतच नाही, ती डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतं. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५-३० एमबी असते, तीच १६ बिट टिफ करून फोटोशॉपमध्ये नेली की एकाच लेयरची १४४ एमबी होते. शंभरातल्या पाच फोटोंसाठी हे ठीक आहे, रोजच्या कामासाठी नाही.

माझं मत विचाराल तर, शिकायला वेळ आहे आणि पैसे घालायचे नाहीत त्याने डार्कटेबल घ्यावं आणि महिनाभर मोजकीच मॉड्यूल वापरावीत: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, टोन इक्वलायझर, लेन्स करेक्शन, डीनॉइज. बाकीची पन्नासेक बघून गोंधळूच नये. दर सहलीत शेकडो फोटो काढणाऱ्याने लाइटरूम क्लासिक. अंधारात, जंगलात, नाटकात फोटो काढणाऱ्याने फोटोलॅब. कॅप्चर वन स्टुडिओत, केबलने कॅमेरा जोडून काम करणाऱ्यांसाठी उत्तम आहे, हौशी माणसाला त्यातलं अर्धंअधिक लागत नाही.

चाचणीत दोन चुका निकाल बिघडवतात. स्क्रीन फार उजळ असला तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही फोटो काळपट ठेवाल. ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा. मोजायचं उपकरण नसेल तर स्क्रीनवरचं पांढरं पान शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकंच उजळ दिसू द्या. आणि एक्सपोर्ट सगळीकडून एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेत, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० अशा एकाच मापाने काढा. एकीकडून अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये काढलात तर रंग फिके दिसतील आणि दोष सॉफ्टवेअरवर जाईल.

जुनं सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर आधी सगळ्या फोटोंचा मेटाडेटा एक्सएमपीत लिहून घ्या. मग तीन तारे आणि त्यावरच्या फोटोंचे पूर्ण मापाचे जेपेग, क्वालिटी ९० च्या वर, रॉच्याच फोल्डरमध्ये 'पूर्ण' नावाच्या उपफोल्डरमध्ये काढून ठेवा. जे पुन्हा छापायचे असतील त्यांच्या १६ बिट टिफ काढा. डार्कटेबल एक्सएमपीच्या नावात मूळ एक्स्टेन्शन ठेवतं आणि लाइटरूम ते काढून टाकतं, त्यामुळे दोघांच्या साइडकार एकाच फोल्डरमध्ये एकमेकांना न पुसता राहतात. जुन्या फोटोंना नव्या सॉफ्टवेअरमध्ये सरसकट हात लावू नका, नवीन सहलीपासून नवं सॉफ्टवेअर सुरू करा.