नवीन राउटर घेतला, तरी नेटचं स्पीड 94 लाच अडकलं

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, पणजोबांच्या काळातलं, दगड-मातीच्या दीड-दीड फुटी भिंती आणि एकामागं एक खोल्या, सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर, मागची खोली, मग परडं. फायबरचं नेट घेतलं तेव्हा नेटवाले त्यांचा वायफायचा डबा सोप्यात दाराच्या वर लावून गेले आणि मी काम करतो मागच्या खोलीत. पुण्याच्या कंपनीचं काम, दिवसातनं चार-पाच मीटिंग. प्लॅन 200 एमबीपीएसचा, मोबाईलवर टेस्ट केली तर मागं 15-20, डब्याखाली जाऊन उभारलं तरी 45. एकदा मी एका पोराचा इंटरव्ह्यू घेताना मधेच कट झालो, तो बिचारा दहा मिनिटं स्क्रीनसमोर वाट बघत बसला. ते फार लागलं मनाला.

कॉल सेंटरला फोन केला तर म्हणाले प्लॅन वाढवा. दुकानदार म्हणाला राउटर बदला. टेक्निशियन आला, फायबरमधल्या उजेडाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, वजा 19 दाखवलं आणि म्हणाला, "लाईन सरी ऐत्री अण्णा (लाईन बरोबर आहे), वजा 25-26 च्या खाली गेलं तर बघायचं." म्हणजे बाहेरनं येतंय ते चांगलं येतंय. त्यानंच आणखी एक सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं, हा डबा काढून दुसरा कुठलाही लावता येत नाही. फायबरमधला उजेड इथं नेटमध्ये बदलतो आणि डब्याचा सीरियल नंबर नेटवाल्यांच्या मशीनवर चढवलेला असतो. आपला राउटर घ्यायचा तर ह्याच्या पुढं जोडायचा.

डब्यातलं वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींचं होतं. त्यात एकमेकावर न चढणारे चॅनेल, म्हणजे वाटा, तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या गल्लीत घराला घर चिकटून, फोनच्या अ‍ॅपवर बघितलं तर 17 नेटवर्क दिसले, सगळे त्या तीनातच रेटारेटी करालेत. म्हणून वायफाय 6 चा, म्हणजे नव्या पिढीच्या वायफायचा, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा ड्युअल बँड राउटर आणला, जवळजवळ तीन हजार गेले.

लावला. 5 गिगाहर्ट्झला जोडून टेस्ट केली, 94. परत केली, 93. बायको म्हणाली, "दुप्पट झालं की, अजून काय पाहिजे?" खरं मी पैसे 200 चे भरतोय आणि शेजारी उभारून 94, हे पटेना. मग लॅपटॉपला केबल लावली, थेट डब्यातनं, राउटर मधे न घेता. तरी 94! म्हणजे राउटरचा दोष नव्हताच. रात्री अकराला टॉर्च धरून डब्याची मागची बाजू वाचली, दोन पोर्ट, एकाला गिगाबिटचं, म्हणजे 1000 एमबीपीएसचं, लेबल, दुसरा साधा 100 वाला, आणि वायर पहिल्यापासनं त्या 100 वाल्यातच खोचलेली. 100 च्या पोर्टला टेस्टमध्ये 94-95 च येतं, कितीही भारी राउटर लावा. वायर शेजारच्या भोकात घातली, 196 आलं. एक पैसा न घालता.

खरं हे सोप्यात. मागच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ पोचतच नव्हतं, तीन भिंती मधे, आणि 2.4 वर 25 च्या वर जाईना, नवा राउटर असून. भिंतीपुढं वायफाय 6 पण काही करू शकत नाही हे तेव्हा कळलं. मग राउटरच मधल्या घरात न्यायचं ठरवलं, खडे बाजारातनं 20 मीटर कॅट 6 ची नेटची केबल आणली, ओळखीच्या केबलवाल्या पोरानं टोकं मारून दिली, टेस्ट केली आणि परत 94! आता मात्र तो आकडा बघितल्याबरोबर समजलं. केबलच्या आठ तारांपैकी त्यानं चारच बसवल्या होत्या, "चारवर नेट चालतंय की" म्हणाला. चालतंय, खरं 100 पर्यंतच, गिगाबिटला आठही लागतात. टोकं परत मारून घेतली. राउटर आधी लोखंडी कपाटावर ठेवला होता, ते पण अडवतं, म्हणून उघड्या फळीवर घेतला, अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, आणि सोप्यातल्या डब्याचं वायफाय बंद केलं, नाहीतर फोन जुन्यालाच चिकटून बसायचे. आता मागच्या खोलीत 140-150 मिळतं, मीटिंग तुटत नाही.

राउटर वाया गेला असं मी म्हणणार नाही, त्या डब्याच्या वायफायवर 150 कधीच आलं नसतं. खरं तो घ्यायच्या आधी लॅपटॉपला केबल लावून बघायला पाहिजे होतं. केबलवर प्लॅनएवढं येतंय आणि वायफायवर येत नाही, तरच राउटरला पैसे घालायचे.

मागच्या रविवारी कडोलीचा मावसभाऊ आला, तो पण राउटर बघालाय म्हणाला. त्याच्या घरी लॅपटॉप आणि वायर घेऊनच गेलो. प्लॅन 50 चा, केबलवर 48, वायफायवर 46, घर दोनच खोल्यांचं. त्याची तक्रार काय तर सिनेमा डाऊनलोड होताना 6 च दाखवतंय. ते 6 मेगाबाईटचे, प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे 48 च झाले. राउटर घेऊ नको म्हणालो, स्पीड पाहिजेच असेल तर 100 चा प्लॅन विचारून बघ.