यमू वाचायची ती मुलग्यांनी

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे मैदानावर, स्नेहसंमेलनांवर आणि खाल्लेल्या छड्यांवर लिहितीलच. मी नववीतल्या अवांतर वाचनाच्या तासाबद्दल लिहितो.

मराठीच्या बाईंनी त्या वर्षी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायला घेतली. सगळी कथा यमूच्या, लहानपणी लग्न होऊन पुढे विधवा झालेल्या मुलीच्या, तोंडची. बाईंचा नियम असा की यमू वाचायची ती मुलग्यांनी. नुकतं मिसरूड फुटलेला, घोगऱ्या आवाजाचा एकेक जण उभा राहून 'मी गेले, मी रडले' म्हणायचा आणि मुलींच्या बाकांवर खसखस पिकायची. तिच्या सासरचे जुलमी शंकरमामंजी मात्र मुलींकडे. त्या ते असे काही झोकात वाचत की बाई म्हणाल्या, "हे पाठ कुठे केलंत गं?"

"आता कुठे राहिलंय असलं काही?" एकाने विचारलंच. बाईंनी खिडकीबाहेर हात केला. मुरूड आमच्या दापोली तालुक्यातलंच. ही कादंबरी 1890 साली निघालेल्या 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्याने आली आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. कादंबरी पुण्यामुंबईची म्हणून आम्ही जरा ऐसपैस बसलो होतो, ते सावरून बसलो.

पण बाईंचं खरं बोट वेगळ्याच ठिकाणी होतं. यमूचा नवरा रघुनाथराव भला माणूस, बायकोला लिहायला-वाचायला शिकवणारा. म्हणून यमू सुखात. तिच्या मैत्रिणीच्या, दुर्गीच्या नशिबी नवरा वाईट, म्हणून तिचे हाल. "म्हणजे दोघींचं बरंवाईट नवऱ्यावरच ना? रघुनाथराव गेल्यावर यमूच्या हातात काय उरलं?" केशवपनाच्या प्रसंगापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. कादंबरीतल्या बाईला चांगला नवरा दिला की लेखकाची सुटका होते, असं मला आजही वाटतं. आपट्यांनी ती सुटका घेतली नाही.

माझे वडील मुंबईला गिरणीत. घरी तरवा काढण्यापासून काजू विकण्यापर्यंत सगळं आईच्या अंगावर. पावसाआधी घर शाकारून घ्यायला गडी तीच बघायची, पण 'कौलं बदलायची का' हे मुंबईच्या पत्रातून ठरायचं. पत्र उशिरा आलं की पडवी गळायची. गणपतीत चाकरमानी आले की पुरुषांची पंगत आधी. बायका बसेपर्यंत वालाच्या बिरड्याचा नुसता रस्सा उरलेला. वडील वाईट नव्हते हो. आमचे रघुनाथरावच ते.

धाकटी बहीण माझ्या मागून त्याच बाईंच्या हाताखाली शिकली. 1994 मध्ये महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क कायद्याने आला, तरी आमच्याकडे लेकी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात; माहेर तुटू नये म्हणून. वडील गेल्यावर काकांनी कागद तयारच ठेवला होता. बहिणीने चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला. "काका, चहा टाकू?" एवढंच म्हणाली.

सातबाऱ्यावर आज आईचं, तिचं आणि माझं, तिघांची नावं आहेत. काका गणपतीला आरतीपुरते येतात, जेवायला थांबत नाहीत. आणि हो, आमच्याकडे आता बायकांची पंगत आधी बसते. वाढायला मी असतो, बिरडं पुरवून वाढतो.