तुम्ही विचारलंत म्हणून: बाबासाहेबांच्या फोटोशेजारचा तो म्हातारा

ऑफिसात नवीन अशील आला की फाईल उघडायच्या आधी हमखास विचारतो, वकीलसाहेब, बाबासाहेबांच्या शेजारी हा गोरा म्हातारा कोण? ज्युनियर पोरंपण विचारतात. कोर्टात पुकारा व्हायची घाई असते म्हणून मी "अमेरिकेतले एक जुने जज" एवढं सांगून उठतो आणि मग दिवसभर चुटपुट लागते, की त्या माणसाबद्दल एवढंच सांगितलं आपण? म्हणून आज निवांत लिहितोय.

त्यांचं नाव जॉर्ज विथ. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचे, जन्म १७२६. वडील लवकर गेले, लॅटिन-ग्रीकची गोडी आईने लावली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या सह्यांमध्ये सगळ्यात वरची सही त्यांची आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेफरसन वकिली शिकले ते यांच्याकडे. १७७९ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात ते कायद्याचे प्रोफेसर झाले, अमेरिकेतले पहिलेच, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लेक्चरला काही आठवडे येऊन बसलेला एक तरुण फौजी म्हणजे जॉन मार्शल, नंतरचे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस. त्यामुळे विथ यांचं नाव निघतं ते बहुतेक शिष्यांच्या निमित्ताने, आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण १७७८ पासून मरेपर्यंत २८ वर्षं हा माणूस चान्सरी कोर्टात जज होता. चान्सरी म्हणजे इक्विटीचं कोर्ट, कायद्याच्या काटेकोर शब्दांपेक्षा न्यायबुद्धीने निवाडा करणारं, वारसा, ट्रस्ट, हिशोब, मनाईहुकूम असले मॅटर तिथे चालायचे. मध्ये बरीच वर्षं सगळ्या राज्याला चान्सलर, म्हणजे या कोर्टाचा जज, एकच, ते म्हणजे हे. संधिवाताने उजवा हात चालेना तेव्हा हेन्री क्ले नावाच्या पोराला त्यांनी लिहून घ्यायला बसवलं, आणि निकालात मधेच ग्रीक वाक्यं यायची ती तो पोरगा भाषा येत नसताना एकेक अक्षर बघून उतरवायचा. हाच क्ले पुढे मोठा सिनेटर झाला.

१७८२ ची एक केस आहे, कॅटन यांची. देशद्रोहात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना विधिमंडळाच्या एकाच सभागृहाने माफी दिली, दुसऱ्याने मान्यता दिली नाही, तर ती माफी चालेल का असा प्रश्न होता. विथ तेव्हा अपील कोर्टातही बसायचे. त्यांनी लिहिलं की अख्खं विधिमंडळ जरी हद्द ओलांडायला निघालं तरी मी या खुर्चीवरून घटनेकडे बोट दाखवून सांगेन, तुमचा अधिकार इथपर्यंतच. घटनेविरुद्धचा कायदा कोर्ट रद्द ठरवू शकतं असं सांगणारा मार्शल यांचा प्रसिद्ध मार्बरी खटल्यातला निकाल १८०३ चा, म्हणजे हे त्याच्या २१ वर्षं आधीचं.

पण फोटो लावलाय तो राईट कुटुंबाच्या केसमुळे. हजिन्स नावाचा मालक एका गुलाम बाईला आणि तिच्या लेकरांना राज्याबाहेर पाठवायला निघाला होता, ही मायलेकरं म्हणजेच राईट, त्यांचं म्हणणं की आमची आजी-पणजी मूळची इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासींपैकी, आम्ही गुलाम नाहीच. कोर्टात आजी, आई, नात तिघी उभ्या. विथ यांनी त्यांना मोकळं केलं, आणि वंशाच्या मुद्द्यावर ते सहज थांबू शकले असते, निकाल तेवढ्यावरच टिकला असता, पण त्यांनी पुढे जाऊन म्हटलं की १७७६ च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याप्रमाणे स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, म्हणून हा माणूस माझा गुलाम आहे असं जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करावं. बर्डन ऑफ प्रूफ, म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी, मालकावर! गुलामांच्या राज्यात बसून एवढं लिहिणं म्हणजे काय हे वकिलाला वेगळं सांगायला नको.

अपिलात राईट मंडळी सुटली, पण विथ यांचं कारण कोर्टाने काढून टाकलं. गोऱ्या किंवा इंडियन दिसणाऱ्याला स्वतंत्र धरायचं, काळ्याला गुलाम धरायचं आणि तो गुलाम नसेल तर ते त्यानेच सिद्ध करायचं, असं ठरलं. तो जाहीरनामा गुलामांसाठी नव्हताच असं लिहिणारे जज सेंट जॉर्ज टकर हे विथ यांचेच विद्यार्थी, कॉलेजात त्यांच्या जागेवर बसलेले, आणि गुलामगिरी हळूहळू संपवा असं १७९६ मध्ये पुस्तिका काढून सांगणारे. हे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला त्रास होतो.

तो निकाल आला तेव्हा विथ हयात नव्हते. मे १८०६ मध्ये रिचमंडच्या घरी सकाळच्या कॉफीनंतर ते, त्यांची स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स आणि घरात राहणारा मायकल ब्राऊन नावाचा पोरगा, तिघंही आजारी पडले. लिडियाला विथ यांनीच १७८७ मध्ये गुलामीतून मुक्त केलं होतं, मायकलही स्वतंत्र होता. संशय नातवावर, म्हणजे बहिणीच्या नातवावर, जॉर्ज स्वीनीवर. त्याने आजोबांच्या नावाने खोटे चेक काढले होते, मृत्युपत्रात त्याला वाटा होता. मायकल १ जूनला गेला, विथ ८ जूनला, पण त्याआधी त्यांनी स्वीनीचं नाव मृत्युपत्रातून काढलं. स्वीनीला कॉफीच्या भांड्याशी बघणारी लिडिया जिवंत होती, सांगायला तयार होती, आणि तिची साक्ष घेतलीच नाही, कारण गोऱ्याच्या विरुद्ध काळ्या माणसाची साक्ष व्हर्जिनियात चालत नव्हती. स्वीनी सुटला.

आता जे लिहितोय ते जड जातं, पण लपवणार नाही. स्वातंत्र्यानंतर राज्याचे कायदे नव्याने मांडायला जी समिती होती, त्यात काम करणारे मुख्य तिघं म्हणजे जेफरसन, पेंडलटन आणि विथ, आणि त्यांच्या गुलामांबद्दलच्या बिलात साक्षीची ही बंदी तशीच ठेवलेली होती. स्वतः विथ यांच्याकडेही आयुष्याचा मोठा काळ गुलाम होते.

म्हणून आपल्याकडच्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४ (जुन्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हेच कलम ११८ होतं) मी ज्युनियरना मोठ्याने वाचायला लावतो. प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकेल असा कोणीही साक्षीला चालतो, जात, रंग, लिंग, काही आडवं येत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये सगळी मदार धुणीभांडी करणाऱ्या एका आजींवर होती, पिंजऱ्यात उभ्या राहून पदर सावरत त्या बोलत होत्या आणि स्टेनो शब्द न् शब्द टाईप करत होता. मी त्या दिवशी संध्याकाळी हा फोटो फ्रेम करून आणला.

लिडिया त्यातून वाचली. पुढच्या वर्षी, १८०७ मध्ये, नजर अधू झाली म्हणून तिने जेफरसनना मदत मागणारं पत्र लिहिलं, तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी ५० डॉलर पाठवले. तिचा फोटो मिळत नाही, असता तर तोही लावला असता.