केळीच्या पानावरचा नाताळ

डिसेंबरच्या थंडीत भुसावळच्या चर्चवर कागदी चांदण्या लागल्या आणि घरोघरी भरिताची वांगी भाजली जाऊ लागली, की माझे मन जगभरच्या नाताळाकडे वळते. त्यातही सर्वांत जवळचा वाटतो तो फिलिपिन्सचा. तेथे १६ ते २४ डिसेंबर असे सलग नऊ दिवस पहाटे प्रार्थना होते. शेतकऱ्यांना कामावर जाण्यापूर्वी हजर राहता यावे म्हणून ही वेळ रूढ झाली, असे मानतात. कार्तिकात अंधारातच उठून काकडआरतीला गेलेल्या माणसाला यातील गोडी वेगळी सांगावी लागत नाही. प्रार्थनेनंतर चर्चच्या दाराशी तांदळाचा बिबिंगका मिळतो, जो पारंपरिक पद्धतीने केळीचे पान अंथरलेल्या भांड्यात, खालीवर निखारे ठेवून भाजतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाढलेल्या मला त्या पानाचा वास नुसते वाचतानाही जाणवतो.

पोलंडमध्ये २४ तारखेला पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवत नाहीत, अगदी आपल्या संकष्टीच्या चंद्रोदयासारखे; आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडून ठेवतात. ही प्रथा मला फार मोलाची वाटते.

इथिओपियात मात्र नाताळ बहुधा ७ जानेवारीला येतो, कारण तेथील चर्चची जुनी कालगणना १५८२ मध्ये सुधारलेल्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेशी जुळत नाही. त्या रात्री लालिबेला येथे, अजिंठ्याच्या लेण्यांप्रमाणे अखंड खडकातून कोरलेल्या चर्चभोवती, पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो भाविक जागरण करतात.